क्लेअरची पोटनिवडणूक आणि चाळीस शिलिंगांचे मतदार

पोटनिवडणूक हा लोकशाहीच्या व्यवहारातील तसा लहानसा प्रसंग. एखादा सभासद निवर्ततो किंवा राजीनामा देतो, जागा रिकामी होते आणि एका मतदारसंघापुरता कौल घेतला जातो. त्यामुळे सरकार सहसा पडत नाही. वृत्तपत्रांतून चार दिवस चर्चा होते आणि मग सारे विसरून जातात. परंतु इतिहासात अशाही काही पोटनिवडणुका झाल्या की, एका जागेचा पक्ष बदलला आणि त्याबरोबर देशाचा कायदाही बदलला. आयर्लंडमधील क्लेअर परगण्यात जुलै १८२८ मध्ये झालेली पोटनिवडणूक त्यांत अग्रगण्य मानावी लागेल. सत्ताधारी टोरी पक्षाच्या एका मंत्र्याने ती जागा गमावली. ज्याला पार्लमेंटमध्ये बसण्याची मुभाच नव्हती अशा एका कॅथलिक वकिलाने ती जिंकली. आणि दहा महिन्यांच्या आत ब्रिटिश पार्लमेंटने कॅथलिकांसाठी आपले दार उघडले.

ही कथा विजयाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु तिला दुसरी बाजू आहे. ज्या गरीब शेतकऱ्यांच्या मतांनी हा विजय मिळाला, त्यांचा मताधिकार त्याच विजयाच्या किमतीपोटी काढून घेण्यात आला. या बाजूचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात दोन्ही बाजू एकत्र मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शपथेचे दार

सतराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधील कॅथलिकांचा युद्धात पाडाव झाला आणि त्यानंतर एकामागून एक दंडक कायदे करण्यात आले. कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास बंदी, शाळा चालविण्यास बंदी, सरकारी हुद्द्यांस बंदी. १७२८ साली मतदानाचा हक्कही गेला. माळरानावरील एखाद्या खडकाची वेदी करून मिस्सा अर्पण करावी आणि कोणी येत नाही ना म्हणून एकाने टेहळणी करावी, असे ते दिवस होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कायदे हळूहळू सैल झाले. १७७८ आणि १७८२ च्या कायद्यांनी जमिनीसंबंधीचे निर्बंध कमी केले. १७९३ साली कॅथलिकांना मतदानाचा हक्क परत मिळाला. मात्र मत देता येई, निवडून जाऊन बसता येत नसे. त्याचे कारण शपथ. पार्लमेंटच्या सभासदाला आपले आसन ग्रहण करण्यापूर्वी जी शपथ व जे प्रतिज्ञापन करावे लागे त्यात भाकर व द्राक्षारस यांच्या तत्त्वांतराचा इन्कार होता. शिवाय मिस्साबलिदान आणि पवित्र मरिया व संत यांची विनवणी ही अंधश्रद्धा व मूर्तिपूजा होय, असे जाहीर करावे लागे. कोणत्याही श्रद्धावंत कॅथलिकाला हे शब्द उच्चारणे शक्य नव्हते. म्हणजे दारावर 'कॅथलिकांस मज्जाव' अशी पाटी लावण्याची गरजच नव्हती. शपथ हेच कुलूप होते.

१८०१ पासून आयर्लंडचे स्वतंत्र पार्लमेंट बरखास्त होऊन ते लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाले. त्या वेळी पंतप्रधान विल्यम पिट यांच्या मनात कॅथलिकांना पूर्ण मुक्तता देण्याचे होते. परंतु आपण राज्याभिषेकाच्या वेळी घेतलेल्या शपथेचा त्याने भंग होईल, असे म्हणून राजे तिसरे जॉर्ज यांनी नकार दिला. पिट यांनी राजीनामा दिला आणि प्रश्न आणखी अठ्ठावीस वर्षे लोंबकळत राहिला.

चाळीस शिलिंगांचा मतदार

आता ज्यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत त्या मंडळींची ओळख करून घेऊ. परगण्याच्या मतदारसंघात मत देण्यासाठी अट होती ती चाळीस शिलिंगांची, म्हणजे दोन पौंडांची. ज्याच्याकडे हयातीच्या भाडेपट्ट्याने जमीन आहे आणि खंड वजा जाता त्या जमिनीपासून ज्याला वर्षाला चाळीस शिलिंगांचा लाभ होतो, तो मतदार. वाचायला हे भारदस्त वाटते. प्रत्यक्षात हा मतदार म्हणजे बटाट्याच्या तुकड्यावर जगणारे कूळ होते.

जमीनदारांनीच अशी कुळे मोठ्या संख्येने निर्माण केली होती. १७९३ नंतर कॅथलिक कुळालाही मत असल्यामुळे, जितकी कुळे तितकी मते आणि जितकी मते तितके जमीनदाराचे वजन, असा हिशेब झाला. मतदान उघड असे. परगण्याच्या मुख्य गावी जाऊन अधिकाऱ्यासमोर, सर्वांच्या देखत, आपण कोणाला मत देतो ते मोठ्याने सांगावे लागे. जमीनदाराचा कारभारी कुळांना घेऊन जाई आणि ती सांगितलेले नाव उच्चारून परत येत.

न ऐकणाऱ्या कुळाला वठणीवर आणण्याचे साधनही तयार होते. आयर्लंडमध्ये सहा महिन्यांचा खंड थकीत ठेवण्याचा रिवाज होता. कूळ जमिनीवर आले की पहिल्या सहामाहीची रक्कम मागे राहत असे आणि ती तशीच पुढे चालत असे. जमीनदार खूश असेल तोवर ती कोणी मागत नसे. त्याची मर्जी फिरली की एका दिवसात सारी थकबाकी वसुलीला निघे. मग गुरे जप्त, आणि शेवटी घरादारासह जमिनीवरून हकालपट्टी. कूळकायदा येण्यापूर्वी आपल्याकडे खंडकरी कुळाची काय अवस्था होती, हे ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल त्यांना याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

महिन्याला एक पेनी

या कुळाला माणूस म्हणून उभे करण्याचे श्रेय डॅनिअल ओकॉनेल यांना द्यावे लागेल. ६ ऑगस्ट १७७५ रोजी केरी परगण्यात त्यांचा जन्म झाला. आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या उच्च शिक्षणाची सोय नसल्याने काकांनी त्यांना फ्रान्समध्ये सेंट ओमेर आणि दुए येथील विद्यालयांत पाठविले. फ्रेंच राज्यक्रांतीचा रक्तपात जवळून पाहिल्यामुळे हिंसेच्या राजकारणाविषयी त्यांच्या मनात कायमची घृणा निर्माण झाली. १७९८ साली ते बॅरिस्टर झाले आणि लवकरच गरिबांचा वकील म्हणून नावारूपाला आले.

१८२३ साली त्यांनी कॅथलिक असोसिएशनची स्थापना केली. आरंभी ही सुखवस्तू लोकांची सभा होती. पुढच्याच वर्षी ओकॉनेल यांनी एक साधी कल्पना काढली: महिन्याला एक पेनी देणारा कोणीही सहसभासद. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी ही वर्गणी गोळा होऊ लागली. एक पेनी म्हणजे शिलिंगाचा बारावा भाग. परंतु ज्याने ती दिली तो या चळवळीचा भागीदार झाला. धर्मग्रामाची रचना गावोगाव होतीच. धर्मगुरू लोकांना ठाऊक होते आणि लोक धर्मगुरूंना. तिच्या आधाराने खेड्यापाड्यांतील गोरगरिबांची एक विशाल, शिस्तबद्ध संघटना उभी राहिली.

१८२६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या संघटनेचे पहिले फळ दिसले. वॉटरफर्ड परगण्यात बेरेसफर्ड घराण्याचा वरचष्मा होता. तेथे कॅथलिकांच्या बाजूने असलेले प्रॉटेस्टंट उमेदवार व्हिलिअर्स स्टुअर्ट उभे राहिले आणि बेरेसफर्डांच्या कुळांनी आपल्या धन्याविरुद्ध मत दिले. आणखी काही परगण्यांतही असेच घडले. जमीनदारांनी सूड उगवण्यास आरंभ केला, तेव्हा वर्गणीतील पैसा पीडित कुळांच्या मदतीस देण्यात आला.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८२५ साली, पूर्ण मुक्ततेच्या बदल्यात चाळीस शिलिंगवाल्यांचा मताधिकार रद्द करण्यास ओकॉनेल स्वतः राजी झाले होते. ही कुळे म्हणजे जमीनदारांची हुकमी मते, असे त्यांना वाटे. ते विधेयक लॉर्डांच्या सभागृहात फेटाळले गेले. वॉटरफर्डने त्यांचे मत पालटले आणि आपला अंदाज चुकल्याचे त्यांनी उघडपणे मान्य केले.

मित्राविरुद्ध उमेदवारी

जानेवारी १८२८ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन पंतप्रधान झाले. हे वेलिंग्टन आपल्याला परके नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर जे इंग्रज-मराठा युद्ध पेटले, त्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारे आर्थर वेलस्ली ते हेच. मूळचे आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट घराण्यातले. परंतु कॅथलिकांच्या मागणीला प्रतिकूल असलेल्या मंत्रिमंडळाचे ते नेते होते. या सरकारचा पाठीराखा आयर्लंडमध्ये कोठेही उभा राहिला तरी त्याला विरोध करावयाचा, असा ठराव कॅथलिक असोसिएशनने केला होता.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि क्लेअरचे सभासद विल्यम व्हेझी फिट्झजेराल्ड यांची व्यापार मंडळाचे अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. त्या काळच्या कायद्यानुसार सभासदाने असे मंत्रिपद स्वीकारले की त्याची जागा रिकामी होई आणि त्याला पुन्हा मतदारांपुढे जावे लागे. हा बहुधा उपचारच असे. फिट्झजेराल्ड यांच्याबाबतीत तर चिंता करण्यासारखे काहीच दिसत नव्हते. ते चांगले जमीनदार म्हणून ओळखले जात. कॅथलिकांच्या मुक्ततेच्या बाजूने त्यांनी पार्लमेंटमध्ये मतदान केले होते. त्यांच्या वडिलांनी आयर्लंडच्या विलीनीकरणाला विरोध करून आपले मोठे पद गमावले होते.

अशा मित्राला पाडावे काय, हा असोसिएशनपुढील पेच होता. ठराव पाळायचा तर फिट्झजेराल्ड यांना विरोध करणे भाग होते, कारण प्रश्न त्यांच्या वैयक्तिक मताचा नसून ते ज्या सरकारात बसले त्या सरकारचा होता. प्रथम मॅक्नमारा नावाच्या एका प्रॉटेस्टंट गृहस्थांना विचारण्यात आले. त्यांनी नकार दिला. तेव्हा ओकॉनेल यांनीच उभे राहावे, ही कल्पना पुढे आली. कॅथलिकाला पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. परंतु त्याने उमेदवारी करू नये असे कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते! २४ जून १८२८ रोजी ओकॉनेल यांनी आपली उमेदवारी जाहीर केली. निवडून आलो तरी ती शपथ घेणार नाही, असे त्यांनी मतदारांना स्वच्छ सांगितले.

एनिसचे पाच दिवस

क्लेअरचे मुख्य ठिकाण एनिस. ३० जून रोजी तेथील न्यायालयात उमेदवारांची नावे मांडण्यात आली. ओकॉनेल यांच्या प्रमुख साथीदारांत ओगॉर्मन महॉन आणि टॉम स्टील हे होते. पैकी स्टील हे प्रॉटेस्टंट. फिट्झजेराल्ड यांनी आपली सेवा सांगितली, आजारी वडिलांचा उल्लेख करताना त्यांना अश्रू आवरले नाहीत आणि श्रोते हेलावले. ओकॉनेल यांनी उत्तर दिले ते धारदार होते. प्रतिस्पर्ध्याला न्याय देणारे ते नव्हते, असेच आज म्हणावे लागेल.

मतदान १ ते ५ जुलै असे पाच दिवस चालले. धर्मग्रामागून धर्मग्राम, पुढे धर्मगुरू आणि मागे हातांत हिरव्या डहाळ्या घेतलेली कुळे, असे जथे एनिसमध्ये येऊ लागले. लहानशा गावात हजारोंची गर्दी लोटली. सरकारने जवळपास सैन्य आणून ठेवले होते, कारण आयरिश निवडणूक म्हणजे दारू आणि डोकेफोड, असा आजवरचा अनुभव होता. या वेळी मात्र मद्याला न शिवण्याचा निर्बंध लोकांनी स्वतःवर घालून घेतला आणि तो पाळला. सैनिकांना करण्यासारखे काही उरलेच नाही. ही शिस्तच सत्ताधाऱ्यांना अधिक भयप्रद वाटली. दंगलीवर बंदुकीचा उपाय असतो. शांतपणे रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर कोणता उपाय करणार?

जमीनदार कुळांना घेऊन आले आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत कुळांनी ओकॉनेल यांचे नाव उच्चारले. त्या एका नावाच्या उच्चारात काय पणाला लागले होते, याचा विचार वाचकांनी करावा. आज आपण पडद्याआड मत देतो. त्या कुळाचे मत त्याचा धनी ऐकत होता, कारभारी टिपून घेत होता. परतल्यावर थकलेली सहामाही मागितली जाणार, हे ठाऊक असूनही त्याने ते नाव घेतले. घरी बायकामुले होती, डोक्यावर गवताचे छप्पर होते, आणि ते दोन्ही त्या शब्दावर टांगलेले होते.

निकाल लागला: ओकॉनेल २,०५७, फिट्झजेराल्ड ९८२. पराभूत मंत्र्याने गृहमंत्री रॉबर्ट पील यांना पत्र लिहून कळविले की, बड्या घराण्यांची सारी सत्ता कोसळली आणि कुळे सर्वत्र साथ सोडून गेली. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पनाही भयंकर वाटते.

लंडनमधील माघार

वेलिंग्टन आणि पील यांनी परिस्थितीचा हिशेब मांडला. पार्लमेंटमध्ये आयर्लंडचे शंभर सभासद होते. जे क्लेअरमध्ये घडले ते उद्या कोणत्याही परगण्यात घडू शकत होते. आयरिश सभासदाला मंत्रिपद द्यावे तर पोटनिवडणुकीची भीती. सार्वत्रिक निवडणूक घ्यावी तर कॅथलिक सभासदांची रांगच निवडून येण्याची आणि त्या सर्वांना दाराबाहेर ठेवण्याची आपत्ती. बळ वापरावे तर यादवी, आणि सैन्यातही आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने. वेलिंग्टन सेनापती होते. कोणती जागा राखता येत नाही हे त्यांना कळत होते.

राजे चौथे जॉर्ज यांनी खूप आढेवेढे घेतले. ४ मार्च १८२९ रोजी मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि त्याच रात्री राजाने हार मानली. दुसऱ्या दिवशी पील यांनी कॅथलिक मुक्ततेचे विधेयक मांडले. कॉमन्समध्ये ते ३२० विरुद्ध १४२ आणि लॉर्डांच्या सभागृहात २१३ विरुद्ध १०९ मतांनी संमत झाले. १३ एप्रिल १८२९ रोजी त्यावर राजाची सही झाली.

यातच आणखी एक पोटनिवडणूक घडली. पील हे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्रतिनिधी होते आणि कॅथलिकांच्या मागणीचे विरोधक म्हणून निवडून आले होते. आता आपण भूमिका बदलली आहे, तेव्हा मतदारांना विचारले पाहिजे, या जाणिवेने त्यांनी राजीनामा दिला, पुन्हा उमेदवारी केली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये ६०९ विरुद्ध ७५५ मतांनी ते पराभूत झाले. त्यांच्या विरोधात झटणाऱ्यांमध्ये एक तरुण अँग्लिकन धर्मगुरू होता. त्याचे नाव जॉन हेन्री न्यूमन! १८४५ साली कॅथलिक झालेले, १८७९ साली कार्डिनल झालेले आणि २०१९ साली संतपदी आरूढ झालेले न्यूमन ते हेच. परमेश्वराच्या वाटा खरोखर अगाध आहेत.

ओकॉनेल यांचा प्रवेश मात्र सुखासुखी झाला नाही. नवा कायदा त्यापुढे निवडून येणाऱ्यांनाच लागू होईल, अशी तरतूद मुद्दाम करण्यात आली होती. १५ मे १८२९ रोजी ते कॉमन्समध्ये गेले तेव्हा जुनीच शपथ त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि तिचा एक भाग असत्य असल्याचे आपल्याला ठाऊक आहे व दुसरा सत्य असल्याचे आपण मानत नाही, असे सांगून ती नाकारली. १९० विरुद्ध ११६ मतांनी सभागृहाने त्यांना आसन नाकारले. क्लेअरला पुन्हा पोटनिवडणूक झाली, ते बिनविरोध निवडून आले आणि १८३० च्या फेब्रुवारीत आपल्या जागी बसले. तोपर्यंत ड्यूक ऑफ नॉर्फोक यांचे पुत्र अर्ल ऑफ सरे हे कॉमन्समध्ये बसणारे पहिले कॅथलिक ठरले होते. दार उघडले ते क्लेअरच्या कुळांनी. पहिले पाऊल टाकले ते इंग्लंडच्या उमराव घराण्यातील पुत्राने.

विजयाची किंमत

आता त्या दुसऱ्या बाजूकडे वळू. १८२९ साली कायदा एक नव्हे, तीन झाले. एकाने कॅथलिक असोसिएशनवर बंदी आली. दुसऱ्याने कॅथलिकांना पार्लमेंटची आणि बहुतेक सर्व सरकारी पदांची दारे मोकळी झाली. तिसऱ्याने आयर्लंडच्या परगण्यांतील मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे पाचपट वाढविण्यात आली. दोन लाखांहून अधिक असलेली मतदारांची संख्या सुमारे ३७ हजारांवर आली. एनिसच्या रस्त्यावरून हिरव्या डहाळ्या घेऊन चालत आलेला मतदार एका सहीनिशी मतदार राहिला नाही.

या तिसऱ्या कायद्याचे प्रयोजन लपलेले नव्हते. वॉटरफर्ड आणि क्लेअर पुन्हा घडू नये, हेच ते. पार्लमेंटमध्ये कॅथलिक यावेत, पण ते दहा पौंडवाल्यांचे, सुस्थित लोकांचे प्रतिनिधी असावेत. कुळांच्या जमावाचे नसावेत. आणि कॅथलिक पुढाऱ्यांनी काय केले? ओकॉनेल यांनी या कायद्याविरुद्ध निषेध नोंदविला, परंतु त्यासाठी लढा उभारला नाही. मोठी वस्तू हाती येत असताना लहान वस्तूसाठी ती गमावू नये, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. त्या क्षणी त्यांच्या जागी आपण असतो तर निराळे वागलो असतो, असे छातीठोकपणे सांगणे कठीण आहे. परंतु ज्याला ती वस्तू लहान वाटली त्याची ती नव्हतीच.

मत गेले तसे जमीनदाराच्या लेखी कुळाचे राजकीय मोलही गेले. पूर्वी जास्त कुळे ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता. आता लहान तुकडे एकत्र करून गुरांसाठी कुरणे करण्यात स्वार्थ दिसू लागला. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि महादुष्काळ आला, तेव्हा कुळांचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी त्यांच्या हाती मतही नव्हते. दुष्काळाच्या काळात ज्या भागांतून कुळांची सर्वाधिक हकालपट्टी झाली त्यांत क्लेअरमधील किलरशचा परिसर अग्रभागी होता. दुष्काळाचे कारण मताधिकाराचा लोप, असे आम्ही म्हणत नाही. पण संकटात ज्याचा आवाज ऐकला जात नाही तोच आधी बळी पडतो, हे मात्र खरे. गुप्त मतदान १८७२ साली आले आणि सामान्य खेडुतापर्यंत मताधिकार पोहोचण्यास १८८४ साल उजाडले.

धर्मगुरू आणि मतदान

क्लेअरच्या निवडणुकीत धर्मगुरूंनी बजावलेल्या भूमिकेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. जमीनदाराच्या दहशतीखाली असलेल्या निरक्षर कुळाला दुसरा कोणताही आधार नव्हता. धर्मगुरू त्याच्या शेजारी उभे राहिले म्हणून तो धन्यासमोर बोलू शकला. ही बाजू गौरवाची आहे. परंतु जमीनदाराची दहशत गेली आणि तिच्या जागी व्यासपीठाची आली तर मतदार मुक्त झाला असे म्हणता येईल काय? हा प्रश्न पुढे आयर्लंडमध्ये उभा राहिलाच. १८७२ साली गॉलवे परगण्यातील पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या उमेदवाराची निवड धर्मगुरूंच्या दडपणाच्या कारणावरून रद्द झाली. निकाल देणारे न्यायमूर्ती कीओ हे स्वतः कॅथलिक होते.

आपल्या देशाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या आधारे मत मागणे हा निवडणुकीतील भ्रष्टाचार आहे. मतदाराला ईश्वरी अवकृपेची भीती घालणे हेही गैर दडपण ठरते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये, असे सांगितले आहे. धर्मगुरूंनी सदसद्विवेकबुद्धी जागी करावी, न्यायाची बाजू सांगावी. मत कोणाला द्यावयाचे ते प्रापंचिकांनी ठरवावे, ही मर्यादा अनुभवातून आलेली आहे.

आपल्यासाठी बोध

ओकॉनेल यांच्या कर्तृत्वाला आम्ही उणेपणा आणू इच्छित नाही. कॅथलिकांना हक्क मिळाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. ज्यू लोकांना पार्लमेंटचे दार उघडावे म्हणून ते झगडले. गुलामगिरीचा त्यांनी इतका कडकडीत निषेध केला की, अमेरिकेतील आपल्या पाठीराख्यांची नाराजीही त्यांनी पत्करली. १५ मे १८४७ रोजी, रोमच्या वाटेवर असताना, जेनोआ येथे त्यांचे निधन झाले. बरोबर अठरा वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांनी ती शपथ नाकारली होती.

शपथेचा प्रश्न त्यांच्यानंतरही चालू राहिला. लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड हे ज्यू सभासद १८४७ साली निवडून आले आणि १८५८ साली बसू शकले. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली निवडून आले, त्यांना शपथेवरून बाहेर काढण्यात आले, पोटनिवडणुकांत मतदारांनी त्यांना पुनःपुन्हा पाठविले, आणि १८८६ साली त्यांना आसन मिळाले. हेच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला उपस्थित होते. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात संसदेच्या सभासदासाठी दोन पर्याय आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. त्या दोन ओळींमागे एवढा मोठा इतिहास उभा आहे. आणि घटनेच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत दिले. शिलिंगांचा, जमिनीचा, शिक्षणाचा हिशेब विचारला नाही.

तरीही क्लेअरने उभा केलेला प्रश्न संपत नाही. एखादा समाज हक्कांसाठी उठतो तेव्हा पुढे चालणाऱ्यांना पदे, प्रतिष्ठा, शिक्षण मिळते. पण ज्यांच्या संख्येच्या बळावर ते मिळाले त्यांच्या पदरात काय पडते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या गेल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला; दलित ख्रिस्ती बांधव मात्र बाहेर राहिले. त्यांच्या बाजूने आपल्या धर्मग्रामांतून ठराव झाले, मोर्चेही निघाले. परंतु शाळांतील प्रवेश, नोकऱ्या, संस्थांचे अधिकार या आपापल्या प्रश्नांसाठी आपण जेवढे तळमळलो तेवढे या बांधवांसाठी तळमळलो काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी बोलताना आपल्यातील अल्पतमांना विसरणे, ही चूक १८२९ साली झाली, आणि ती पुन्हा होऊ शकते.

एनिसमधील त्या कुळांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. त्यांनी वर्गणीची पेनी दिली, जमीनदारासमोर उभे राहून नाव उच्चारले आणि घरी परतून परिणाम सोसले. कॅथलिकाला पार्लमेंटमध्ये बसता आले ते त्यांच्यामुळे. आणि त्यांना मत नाकारले गेले तेही आपल्याच लोकांच्या मूक संमतीने. ओकॉनेल यांचे पुतळे डब्लिनमध्ये आणि एनिसमध्ये उभे आहेत, ते उचितच आहे. त्या पुतळ्यांना वंदन करताना त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोन हजार सत्तावन्न मतदारांचेही कृतज्ञतापूर्वक स्मरण व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.